पोलीस कोणाचा? साष्टीच्या पाटलापासून बृहन्मुंबईच्या आयुक्तापर्यंत



गावात चोरी झाली, बांधावरून मारामारी झाली, विहिरीत कोणाचे प्रेत सापडले, तर आपण प्रथम कोणाकडे धावतो? पोलीस पाटलाकडे. पाटील ठाण्याला वर्दी देतो. ठाण्यातून फौजदार येतो, पंच गोळा होतात, पंचनामा होतो. फौजदाराच्या वर तालुक्याचा साहेब, त्याच्या वर जिल्ह्याचा अधीक्षक, आणि सगळ्यांच्या वर मुंबईत राज्याचे गृहखाते. ही साखळी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती अशीच का, दिल्लीपासून सुरू होणारी का नाही, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

पण जगात असेही देश आहेत, जिथे हा प्रश्न फार मोठा आहे. आफ्रिकेतला नायजेरिया हा त्यांतला एक. महाराष्ट्राच्या तिप्पट आकाराचा हा देश. त्यात ३६ घटक राज्ये. पण १९९९ सालच्या त्यांच्या संविधानाने असे ठरवले की, साऱ्या देशासाठी एकच पोलीस दल राहील आणि दुसरे कोणतेही पोलीस दल कोणत्याही भागात उभारता येणार नाही. राज्यांना आपापले पोलीस द्यावेत की देऊ नयेत, यावर तिथे कित्येक वर्षे कडाक्याचा वाद चालला आहे. एक बाजू म्हणते, पोलीस जवळचा हवा. दूरच्या राजधानीतला काय कामाचा? दुसरी बाजू म्हणते, पोलीस राज्याच्या हातात दिला तर तिथला सत्ताधारी त्याला आपला लाठीवाला करील.

आपण मराठी माणसांनी या वादाकडे परक्याचा वाद म्हणून पाहू नये. हाच प्रश्न आपल्याकडेही होता. त्याचे उत्तर काढायला आपल्याला शे-दीडशे वर्षे लागली, आणि ते उत्तर अजूनही पुरते लिहून झालेले नाही. तो इतिहास आज थोडक्यात पाहू. त्यासाठी मी मुद्दाम एक मुलूख निवडला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज मुंबईची उपनगरे आहेत. एके काळी ती साष्टी बेटावरची खेडीच होती. भातशेती, ताडामाडाची बने, मिठागरे, कोळीवाडे आणि गावठाणे. या खेड्यांनी पाटलाचा अंमल पाहिला, जिल्ह्याचा पोलीस पाहिला, शहराचा कमिशनर पाहिला आणि दिल्लीहून आलेली दलेही पाहिली. एवढ्या लहान मुलखात एवढे सगळे प्रकार क्वचितच सापडतील.

आधी पाटलापासून सुरुवात करू. मराठेशाहीत गावची राखण ही गावाचीच जबाबदारी होती. देशावरच्या पुष्कळ गावांत अशी रीत होती की, चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावाच्या शिवारात माग हरवला, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई यायची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने या मुलखाची पाहणी केली, तेव्हा त्यालाही ही गावची व्यवस्था दिसली आणि तिचे महत्त्व त्याने ओळखले. साष्टी इंग्रजांकडे त्याच्याही आधी गेली होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली; १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

इंग्रजांनी पाटील मोडला नाही, त्याला कायद्यात बसवला. १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी गावपोलिसांचा स्वतंत्र कायदा झाला. गुन्ह्याची खबर देणे, संशयास्पद मरणाची पंचांसमक्ष चौकशी करणे, गुन्हेगाराला पकडून वर पाठवणे, ही कामे पोलीस पाटलाकडे आली. शिवीगाळ, किरकोळ मारपीट असल्या बाबतीत तर काही पाटलांना माणसाला २४ तासांपर्यंत चावडीत कोंडून ठेवण्याचाही अधिकार सरकार देत असे. म्हणजे पोलीस, पंच आणि लहानसा न्यायाधीश, तिन्ही एकाच पागोट्याखाली!

आता कोणी म्हणेल, वा, हे तर उत्तमच होते. पोलीस गावचा, गावाला ओळखणारा, हाक मारली की येणारा. यात खोटे काही नाही. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाटीलकी वतनाची होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. माणूस लायक असो वा नसो, घराणे ठरलेले. आणि या व्यवस्थेचा सगळा भार ज्यांच्या खांद्यावर होता, तो महार समाज. रात्रीची गस्त, निरोप पोचवणे, सरकारी खजिन्याबरोबर चालणे, अंमलदाराच्या दिमतीला उभे राहणे ही कामे वतनाच्या नावाखाली महारांनी करायची, आणि त्याचा मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन व बलुत्याची भाकरी. नकार देण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या जाचातून माणसे सोडवण्यासाठी. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने बंद करणारा कायदा केला, तो १९५८ साली. १९६२ साली मुलकी पाटलांची पदे रद्द करणारा कायदा झाला, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने आजचा, नेमणुकीने येणारा, पोलीस पाटील उभा केला.

तेव्हा इतिहासाचा पहिला धडा असा : जवळचा पोलीस म्हणजे चांगला पोलीस, असे आपोआप ठरत नाही. तो कोणाच्या जवळचा, हे विचारावे लागते. पाटील वाड्याच्या जवळचा होता. वेशीबाहेरच्या वस्तीपासून तो दूरच होता.

आता गावातून शहराच्या वेशीवर येऊ. इंग्रजांची मुंबई म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे बेट. तिथे सतराव्या शतकात भंडारी लोकांची राखण उभी करण्यात आली. मुंबईच्या पोलिसांचे मूळ तिच्यात सांगतात. १८६४ च्या सुमारास फ्रँक सूटर हा शहराचा पहिला पोलीस कमिशनर झाला. १८९६ साली कमिशनरची कचेरी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत आली. ती आजही तिथेच आहे. शहरासाठी १९०२ चा वेगळा पोलीस कायदा होता. कमिशनर थेट सरकारला जबाबदार.

आणि माहीमची खाडी ओलांडली की? चित्र पालटे. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सारा ठाणे जिल्ह्याचा साष्टी मुलूख. तिथे १८९० चा जिल्हा पोलीस कायदा लागू. पोलिसांचा साहेब जिल्हा सुपरिंटेंडेंट, आणि त्याच्यावर जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टरची देखरेख. खाडीच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. तोच दर्यावारा, तीच माणसे, पण पोलीस वेगळा.

येथे एक गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावी. १८६१ चा पोलीस कायदा म्हणून जो आपण पुस्तकात वाचतो, तो हिंदुस्थानच्या मोठ्या भागाला लागू होता. मुंबई इलाख्याने मात्र बहुतांशी आपले स्वतःचेच पोलीस कायदे केले. म्हणजे इंग्रजांच्या अमलातही सगळ्या देशाला एकच एक पोलीस दल नव्हते. प्रांताप्रांताचे पोलीस निराळे होते, आणि १९३५ च्या कायद्याने तर पोलीस हा विषय स्पष्टपणे प्रांतांच्या यादीत घातला.

उपनगरे वाढत गेली तशी ही खाडीवरची रेघ पुसट होत गेली. १९२० साली साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. १९४५ च्या कायद्याने बृहन्मुंबई हे नाव कायद्याच्या पुस्तकात आले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडचा पट्टा महानगरपालिकेच्या हद्दीत आला. या मधल्या काळात, १९५१ साली, मुंबई राज्याने शहर आणि जिल्हे या दोहोंसाठी मिळून एकच पोलीस कायदा केला. त्यालाच आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. मोठ्या शहरांत आयुक्त आणि जिल्ह्यांत अधीक्षक, अशी दोन्ही रूपे त्या एका कायद्यात आहेत.

हद्दींचे हे फेरे अजून संपलेले नाहीत. दहिसरचा नाका ओलांडला की मीरा-भाईंदर. ते कित्येक वर्षे ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते. २०२० साली मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी नवे पोलीस आयुक्तालय निघाले. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याचे आयुक्तालय १९८१ पासून आहे. वस्ती वाढली, रूप बदलले, की पोलिसांची हद्द बदलावी लागते. पण या प्रत्येक बदलाचा निर्णय राज्यातच झाला. त्यासाठी दिल्लीला संविधान बदलावे लागले नाही. पोलीस राज्याकडे असण्याचा हा एक साधा, पण मोठा फायदा आहे.

आता आपल्या संविधानाकडे वळू. २६ जानेवारी १९५० पासून जे संविधान लागू झाले, त्याच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. राज्यसूचीतला पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसरा विषय पोलीस, त्यात रेल्वेचा आणि गावचा पोलीसही आला. आपल्या घटनाकारांनी गावपोलिसाचा उल्लेख नावानिशी केला, हे खेड्यातल्या श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. आणि तो काळ काही निवांत नव्हता, बरे का! फाळणीच्या दंगली नुकत्याच होऊन गेलेल्या, संस्थाने विलीन होत होती. अशा वेळी सगळा पोलीस दिल्लीच्या मुठीत घेण्याचा मोह होणे साहजिक होते. तरी पोलीस राज्यांकडेच ठेवला.

पण नुसता सोडून दिला नाही. त्याला एक दोर बांधला. भारतीय पोलीस सेवा ही अखिल भारतीय सेवा ठेवली. तिची भरती देशपातळीवर होते, आणि तिचे अधिकारी राज्यात काम करतात. त्याचा परिणाम आज आपल्या जिल्ह्यात दिसतो. पोलीस भरतीला मैदानावर धावणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या जिल्ह्याच्या दलात शिपाई होते. फौजदार राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो किंवा खालून बढती घेऊन. आणि जिल्ह्याचा अधीक्षक पुष्कळदा परप्रांतातला, देशाच्या परीक्षेतून आलेला. शिपाई जिल्ह्याचा, फौजदार राज्याचा, अधीक्षक देशाचा. शिपायाला गावाची भाषा आणि वाटा ठाऊक. अधीक्षकाला गावातल्या सोयऱ्याधायऱ्यांची भीड नाही. तीन धाग्यांची ही वीण आहे.

या वाटणीचे मोल मराठी माणसाला १९५६ साली फार कडवटपणे कळले. भाषावार प्रांतरचनेत मुंबई कोणाला द्यायची, हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केले की, मुंबई केंद्रशासित राहील. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. मुंबई केंद्राकडे गेली असती तर तिचा पोलीसही केंद्राकडे गेला असता. आज दिल्लीत काय आहे पाहा. तिथे लोकांनी निवडलेली विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहे, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडे आहेत. रस्त्यावर मुलीची छेड निघाली, म्हणून तिथल्या मतदाराने आपल्या आमदाराला जाब विचारला, तर आमदार सांगतो, पोलीस आमच्या हातात नाही. अंधेरी-बोरिवलीच्या मतदाराला आपला आमदार असे सांगू शकत नाही. ही गोष्ट लहान नव्हे.

पण इतिहास सांगताना हातचे राखून सांगू नये. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर ज्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या, ते कोणाचे पोलीस होते? दिल्लीचे नव्हते. मुंबई राज्याचेच होते, आणि मोरारजी देसाई यांच्या राज्य सरकारच्या हुकमाखाली होते. त्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. म्हणजे ज्या हक्कासाठी लोक लढत होते, त्या राज्याच्या हक्काचाच पोलीस त्यांच्यासमोर बंदूक घेऊन उभा होता. दुसरा धडा असा की, आपला पोलीस असला म्हणजे तो आपल्यावर उलटत नाही, असेही नाही. कुंपणच शेत खाऊ लागले, तर कुंपण कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाने पीक वाचत नाही.

नायजेरियातली भीतीही नेमकी हीच आहे, आणि तिला आधार आहे. १९६० साली तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे देशाच्या पोलिसांखेरीज स्थानिक सत्तांचेही पोलीस होते : उत्तरेत अमीरांच्या अमलाखालचे, पश्चिमेत स्थानिक संस्थांचे. निवडणुकांत विरोधकांना छळायला, त्यांच्या सभा मोडायला या पोलिसांचा वापर झाला. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे हे स्थानिक पोलीस देशाच्या दलात मिळवून टाकण्यात आले. लोकांनाही तेव्हा हायसे वाटले असेल. पण एक रोग गेला आणि दुसरा आला. आज तिथल्या राज्याच्या गव्हर्नराला लोक सुरक्षेचा मुख्य अधिकारी म्हणतात; पण १९९९ च्या संविधानानुसार त्याने राज्यातल्या पोलीस कमिशनरला काही हुकूम दिला, तर कमिशनर तो हुकूम पाळण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाकडे पाठवू शकतो. नाव मोठे, हात रिकामे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ईशान्येकडच्या चिबोक गावातल्या शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या गेल्या, तेव्हा साऱ्या जगाने हळहळ केली. जवळचा पोलीस हवा, ही मागणी अशा घटनांनी बळावली. २०२० साली नैर्ऋत्येकडच्या सहा राज्यांनी आमोटेकुन नावाची राखणदार पथके काढली. कायद्याने पोलीस मिळेना, म्हणून लोकांनी जागल्या उभा केला! आपल्या जुन्या गावांची आठवण यावी, अशीच ही गोष्ट.

मग आपली व्यवस्था कसोटीला लागली तेव्हा काय झाले? तीन प्रसंग सांगतो.

पहिला १९८२ सालचा. पगार, घरे आणि साहेबांच्या घरची कामे यांबद्दल मुंबईच्या शिपायांत असंतोष होता. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे पोलीस संपावर गेले आणि शहरात दंगल उसळली. ज्यांनी दंगल आवरायची तेच कामावर नव्हते. राज्याने सैन्य आणि केंद्रीय दले बोलावली. पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली. राज्याचा पोलीस खचला तर मागे उभे राहणारे कोणी असावे लागते, हे तेव्हा दिसले.

दुसरा प्रसंग घाटकोपरचा. ११ जुलै १९९७. रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे लोकांना दिसले. संतापलेले लोक महामार्गावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसे मेली. ते दलही आपलेच, महाराष्ट्राचे. पण पुढचा भागही सांगितला पाहिजे. राज्याला न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाने गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. गेलेली माणसे परत येत नाहीत, आणि १२ वर्षांनी लागलेला निकाल हा उशिराचाच. तरीसुद्धा ‘का मारलेत?’ हा प्रश्न विचारायला एक जागा होती, आणि ती पोलिसांच्या साखळीच्या बाहेर होती.

तिसरा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ चा. समुद्रातून आलेल्या अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. पहिला मारा झेलला तो मुंबईच्या पोलिसांनी आणि रेल्वे स्थानकावरच्या शिपायांनी. गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली. स्वतःचे प्राण गेले, पण एक अतिरेकी जिवंत सापडला. मात्र हॉटेलांत दडलेल्यांशी लढायला राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीकडून यावे लागले, आणि त्यात मोलाचे तास गेले. त्यानंतर त्या दलाचे एक केंद्र २००९ मध्ये मुंबईतच उघडले, राज्याने स्वतःचे फोर्स वन हे पथक उभे केले, आणि संसदेने देशपातळीवरची राष्ट्रीय तपास यंत्रणा काढली. जवळच्या पोलिसाची छाती आणि दूरच्या दलाची शस्त्रे, दोन्ही लागतात, हे त्या तीन दिवसांनी शिकवले.

हे एकत्र नांदणे उपनगरात रोज दिसते. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या स्टेशनात जा. पाकीट मारले गेले, तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, ते राज्याचे. रेल्वेच्या मालमत्तेची राखण करणारे रेल्वे सुरक्षा दल, ते केंद्राचे. अंधेरीच्या विमानतळावर दारात तपासणी करणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे; पण तिथे गुन्हा घडला तर तपास मुंबई पोलिसांच्या ठाण्यात. गोरेगावला राज्य राखीव दलाचा तळ. एकाच लोकलच्या मार्गावर एवढी दले! कधी हद्दीवरून कुरबूर होते, हेही खरे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तक्रारदाराची गत होते. म्हणूनच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो. आणि नोंदलेल्या खबरीची नक्कल तक्रारदाराला फुकट मिळते. जुन्या काळी माग शिवेवर हरवला की गावावर भरपाई येई. आज हद्दीचे कारण सांगून परत पाठवणे हे कायद्याला धरून नाही. गावोगावच्या श्रोत्यांनी एवढे एक तरी गाठीला बांधून ठेवावे.

एक शंका खेड्यातले श्रोते नक्की काढतील. राज्याचा पोलीस म्हणता, पण गडचिरोलीहून मुंबई काय जवळ आहे? शेकडो कोस. शंका रास्त आहे. नायजेरियात जे अंतर राज्य आणि राजधानी यांच्यात आहे, तसेच अंतर आपल्या राज्यातही असू शकते. बदल्या मुंबईहून, शिफारशी मुंबईहून. फौजदार आपल्या ठाण्यात किती दिवस टिकणार, हे गावाला माहीत नसते, आणि कधी कधी त्यालाही नसते. ज्याची खुर्ची रोज हलते तो कायद्याकडे पाहील की खुर्ची हलवणाऱ्याकडे?

या दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात औषध सांगितले. ठाण्याच्या आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला साधारण दोन वर्षे हलवू नये. बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचे मंडळ असावे. तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम वेगळे करावे. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळे प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून आस्थापना मंडळे आणि तक्रार प्राधिकरण यांची तरतूद केली. कायद्यात आले म्हणजे चावडीवर पोचले, असे होत नाही. पण दार झाले आहे. ते ठोठावणे आपल्या हातात आहे.

तर मग नायजेरियाच्या लोकांनी आपल्याला विचारले की, तुमच्या अनुभवाने काय सांगाल, तर काय सांगावे? माझ्या मते उत्तर असे. पोलीस राज्याकडे द्यावा. ज्याला मत द्यायचे त्यालाच पोलिसाचा जाब विचारता आला पाहिजे. ठाणे आणि मतपेटी यांत फार अंतर पडले की माणूस पोरका होतो. पण राज्याकडे देताना तीन दोर बांधून द्यावा. वरचे अधिकारी सगळ्या देशातून निवडलेले असावेत. संकटात धावून येणारे देशाचे दल मागे असावे. आणि पोलिसाने चूक केली तर त्याची चौकशी त्याच्या वरिष्ठाच्या आणि मंत्र्याच्या हाताबाहेर, न्यायालयाच्या आणि स्वतंत्र प्राधिकरणाच्या हाती असावी. पहिले दोन दोर आपण १९५० च्या सुमारास बांधले. तिसरा अजून सैल आहे. घाटकोपरने तो किती सैल आहे हे दाखवले, आणि तो घट्ट करण्याचे काम बाकी आहे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यसूचीतला दुसरा विषय नुसता पाठ करून घेऊ नका. मुलांना त्यांच्या गावाचे ठाणे कोणते, त्याची हद्द कुठून कुठवर, पोलीस पाटील कोण, पोलिसाविरुद्ध तक्रार करायची तर कोणाकडे, हे शोधून आणायला सांगा. मोठ्या माणसांनाही ही माहिती असतेच असे नाही. पोलीस पाटलाला शाळेत बोलवा, त्याचे काम त्याच्याच तोंडून मुलांना ऐकू द्या. ज्या मुलीला ठाण्यात जाऊन काय मागायचे हे ठाऊक आहे, तिला पुढे ठाण्याची पायरी चढताना भीती वाटणार नाही.

पाटील होता तेव्हा तो वाड्याचा होता, कमिशनर होता तेव्हा तो साहेबाचा होता. आता संविधानाने तो राज्याच्या लोकांचा केला आहे. पण कागदावर लिहिलेली मालकी जमिनीची असो की पोलिसाची, ती वहिवाटीने टिकते. ती वहिवाट म्हणजे तक्रार लेखी देणे, नक्कल मागणे, चौकशीचा पाठपुरावा करणे आणि निवडणुकीत आपल्या उमेदवाराला ठाण्याबद्दलही प्रश्न विचारणे.